'जनुकं जागी करणारं' क्रीम आणि आपल्या कातडीची लूट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. घरात लग्नाला आलेली पोरगी असेल, कुणाच्या अंगावर कोड असेल, नाहीतर आरशामागं एखादी 'गोरं होण्याची' ट्यूब पडलेली असेल, तर नक्की वाचा.

सरळ मुद्द्यावर येतो. आपल्या भागात 'जनुक', 'डीएनए', 'स्टेम सेल' असे शब्द फेकून लोकांना लुटायचा नवा धंदा सुरू झालाय. पूर्वी हीच मंडळी हिमालयातली जडीबुटी विकायची. आता शास्त्राचा कोट घालून आलीत. आणि डोकं फिरवणारी गोष्ट पुढंच आहे. जे क्रीम 'जनुकांवर काम करतं' म्हणून हजारोंना विकलं जातंय, त्याचा जनुकांशी काडीचा संबंध नाही. आणि जे मलम खरोखर जनुकांच्या कामात हात घालतं, ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय, वडापावसोबत पाव मागावा तितक्या सहज मिळतंय.

गेल्या महिन्यात आपल्याकडं एका मंगल कार्यालयात त्वचेचं शिबिर झालं. प्रवेश मोफत, चहा मोफत. पडद्यावर डीएनएची ती पिळाची शिडी गोल गोल फिरत होती. टाय लावलेले एक साहेब सांगत होते, "तुमच्या त्वचेची जनुकं झोपलीत. आमचं क्रीम त्यांना जागं करतं. काळेपणा, कोड, वांग, सुरकुत्या, सगळं मुळापासून जाणार." डबी ३८०० रुपयांची. कोर्स तीन डब्यांचा. माझ्यासमोर दोघीतिघींनी बचत गटातून उचललेले पैसे मोजून दिले.

मी उठून विचारलं, "साहेब, नेमकं कोणतं जनुक जागं करता?" उत्तर आलं, "सर, ते टेक्निकल आहे, लोकांना कळणार नाही."

हे वाक्य मला लागलं. लोकांना कळणार नाही म्हणे. मग म्हटलं आपणच सांगू. मी काही डॉक्टर नाही. पत्रकारितेची पदविका घेतलेला तालुक्याचा वार्ताहर आहे. पण विचारायचं, वाचायचं आणि लोकांच्या भाषेत सांगायचं, हेच तर आमचं काम.

तर ऐका.

आपल्या शरीरात साधारण २० हजार जनुकं आहेत. डोळ्याच्या पेशीत, लिव्हरच्या पेशीत, कातडीच्या पेशीत तीच सगळी जनुकं असतात. फरक एवढाच की कोणत्या पेशीत कोणतं जनुक चालू आणि कोणतं बंद. घरात वायरिंग सगळीकडं सारखंच असतं, पण देवघरात एक दिवा चालू आणि गोठ्यात दुसरा. तसंच आहे हे.

आता वरची कातडी बघा. ती कागदासारखी पातळ असली तरी तिच्यात थर आहेत. सगळ्यात खालचा थर म्हणजे रोपवाटिका. तिथं मूळपेशी असतात. त्यांनाच स्टेम सेल म्हणतात. त्या वाढतात, दुभंगतात. काही तिथंच राहतात, काही वर सरकायला लागतात. खालच्या थरात असताना पेशी केराटिन-५ आणि केराटिन-१४ नावाची प्रथिनं बनवते. वर निघाली की ती जनुकं मंदावतात आणि केराटिन-१, केराटिन-१० ची चालू होतात. आणखी वर गेली की फिलॅग्रिनसारखी प्रथिनं येतात, ती पेशींना चपट्या आणि घट्ट करतात. शेवटी पेशी आपला गाभा, म्हणजे जिथं जनुकं असतात तो भागच, टाकून देते. मरते आणि कौलासारखी एकमेकींवर बसते. आपण ज्याला 'माझी त्वचा' म्हणून क्रीम चोळतो, तो वरचा थर मेलेल्या पेशींचा आहे. काही दिवसांनी तोही झडतो. आंघोळीला घासल्यावर निघतो तो मळ म्हणजे बराचसा हाच. खालून वर यायला आणि झडायला साधारण महिना-दीड महिना लागतो. जन्मभर हे चालू असतं.

हा सगळा कारभार हाकणारं एक मोठं जनुक आहे, त्याला पी-६३ म्हणतात. १९९९ साली शास्त्रज्ञांनी उंदरांमधलं हे जनुक काढून टाकून बघितलं. ती पिल्लं जन्माला आली, पण त्यांच्या अंगावर कातडीचे थरच नव्हते. हातपायही नीट तयार झाले नव्हते. अंगातलं पाणी उडून गेलं आणि पिल्लं जन्मल्यावर लगेच दगावली. एका जनुकाचा एवढा हिसका.

आता मला सांगा, मेलेल्या पेशींच्या थरावर चोळलेलं क्रीम कोणती जनुकं जागी करणार? त्या पेशींत तर जनुकंच उरलेली नाहीत. आणि त्या थराचं कामच मुळी बाहेरचं आत येऊ न देण्याचं आहे. अगदी लहान रेणू आत झिरपतात, म्हणून तर काही औषधी मलमं काम करतात. पण डीएनएचे तुकडे, 'स्टेम सेलचा अर्क' असली मोठी गडबड त्या भिंतीवरच अडकते. सकाळी तोंड धुतलं की ३८०० रुपये मोरीत.

"मग जनुकांचा इलाज खोटाच का?" असं कुणी विचारेल. अजिबात खोटा नाही. खरा आहे, आणि तो कसा असतो हे कळलं की या शिबिरवाल्यांचा खोटेपणा आपोआप उघडा पडतो.

काही बाळं अशी जन्मतात की त्यांना हात लावला तरी अंगावर फोड येतात. कडेवर घेतलं, कपडा घासला, की कातडी सोलून निघते. इंग्रजीत या रोगाला एपिडर्मोलायसिस बुलोसा म्हणतात. वर सांगितलेल्या केराटिन-५ किंवा १४ च्या जनुकात बिघाड असला, नाहीतर वरची कातडी खालच्या थराला चिकटवून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकात बिघाड असला, की हा रोग होतो.

जर्मनीत बोखुम नावाच्या गावी २०१५ साली असाच एक सात वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला. सीरियातून जीव वाचवून आलेलं कुटुंब. पोराच्या अंगावरची बहुतेक कातडी गेलेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. तेव्हा इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या गटानं एक प्रयोग केला. पोराच्या अंगावर जिथं चांगली कातडी उरली होती तिथून दोन सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटरचा तुकडा घेतला. त्यातल्या पेशींत विषाणूच्या मदतीनं दुरुस्त जनुक घातलं. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांची पातळ कातडी तयार केली आणि एकामागून एक शस्त्रक्रिया करून जवळजवळ ८० टक्के अंगावर बसवली. पोरगं वाचलं. शाळेत गेलं, खेळायला लागलं. २०१७ साली 'नेचर' या नियतकालिकात हे सगळं छापून आलं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. त्याची नवी कातडी महिन्यामागून महिने नवी होत राहिली ती थोड्याशा मूळपेशींच्या जिवावर. दुरुस्ती मूळपेशीत झाली तरच टिकते. वरून लेप लावून नाही.

२०२३ साली अमेरिकेत याच रोगाच्या एका प्रकारासाठी जेलसारखं औषधही मंजूर झालं. त्यातला विषाणू चांगलं जनुक घेऊन जातो. पण ते उघड्या जखमेवरच लावावं लागतं, आणि पेशी झडत असल्यामुळं परत परत लावावं लागतं. वर्षाचा खर्च कोटींच्या घरात.

म्हणजे बघा. जगातली मोठमोठी डोकी, प्रयोगशाळा, वर्षानुवर्षांचं काम, कोटींचा खर्च, आणि तेही एका नेमक्या जनुकाच्या नेमक्या बिघाडावर. आणि इथं आपल्याकडं टायवाले साहेब तीन डब्यांत काळेपणापासून कोडापर्यंत सगळी जनुकं जागी करणार. नोबेल समितीनं आपल्या मंगल कार्यालयाचा पत्ता शोधायला हवा.

पण खरा राग मला पुढच्या गोष्टीचा आहे.

मघाशी म्हटलं ना, जनुकांच्या कामात खरोखर हात घालणारं मलम मेडिकलमध्ये मिळतं. ते म्हणजे स्टिरॉइड. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही त्यांची नावं. हे रेणू लहान असतात. वरच्या थरातून झिरपतात, जिवंत पेशीत शिरतात, गाभ्यात पोचतात आणि तिथं काही जनुकं चालू करतात, काही बंद करतात. सूज आणणारी जनुकं दबतात म्हणून खाज थांबते, लाली जाते. योग्य रोगावर, योग्य दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली हे फार चांगलं औषध आहे. त्याला मी नावं ठेवत नाही.

पण तेच महिनोन् महिने तोंडाला फासलं तर रोपवाटिकेतल्या पेशींची वाढ मंदावते. कातडीला बळ देणारं कोलॅजन बनायचं कमी होतं. कातडी पातळ होते, आतल्या बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, बायकांच्या हनुवटीवर केस येतात, उन्हात गेलं की आग होते. आणि बंद केलं की चेहरा पेटतो. मग बाई घाबरून परत तीच ट्यूब आणते. व्यसनच ते. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला वेगळं नाव दिलंय, 'स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा'. एवढे रुग्ण त्यांच्याकडं येतात.

मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन या तिघांचं मिश्रण हे मुळात वांगावरचं थोड्या दिवसांचं औषध. आपल्याकडं ते गोरेपणाचं क्रीम म्हणून खपतं. सुरुवातीला चेहरा उजळतोच. शिरा आकसतात, रंगद्रव्य कमी बनतं. शेजारीण म्हणते, "अगं, काय लावतेस?" झाली जाहिरात. माझ्या ओळखीतल्या एका पोरीनं लग्न ठरेपर्यंत म्हणून आठ महिने लावलं. लग्न ठरलं. आज ती भर उन्हाळ्यात तोंडाला ओढणी गुंडाळून फिरते, कारण उघडा चेहरा पाच मिनिटं ऊन सोसत नाही.

गजकर्णाचं तेच. खाज आली की मेडिकलवाला स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब काढून देतो. खाज दोन दिवसांत थांबते. बुरशी मात्र मजेत वाढते, कारण तिच्याशी लढणारी सूजच आपण दाबून टाकलेली असते. आज घराघरांत अख्ख्या कुटुंबाला गजकर्ण आहे आणि नेहमीच्या गोळीला दाद देत नाही. अशा एका हट्टी बुरशीला २०२० साली शास्त्रज्ञांनी नाव दिलं, 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. भारताच्या नावावरून. घ्या, आपलं नाव जगभर गेलं.

कायदा नाही म्हणून हे होतंय असं समजू नका. २०१८ साली केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. १९५४ चा औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या यादीत कोड आहे. म्हणजे 'कोड समूळ बरा' अशी जाहिरात करणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. औषध नियमांच्या 'जे' अनुसूचीत तर ज्यांच्यावर इलाजाचा दावाच करता येत नाही अशा गोष्टींची यादी आहे. त्यात 'त्वचेचा गोरेपणा' आहे, कोड आहे आणि 'जनुकीय विकार' हेही आहेत. शिबिरातल्या साहेबांनी एका वाक्यात तिन्ही पार केले.

आणि ही जाहिरात छापणाराही या कायद्यात येतो. आमच्या जातभाईंनी हे नीट वाचावं. पहिल्या पानावर अंधश्रद्धेविरुद्ध अग्रलेखाची जाहिरात आणि आतल्या पानावर 'पांढरे डाग तीन दिवसांत रंग बदलतील', हे एकाच अंकात चालत नाही.

यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे.

पहिलं, "तालुक्याला त्वचेचा डॉक्टर आहे कुठं? मेडिकलवाला तरी उधारीवर देतो." हे खरं आहे, आणि हे मी हसण्यावारी नेत नाही. मजुरी बुडवून जिल्ह्याला जायचं, रांगेत दिवस घालवायचा, हे सोपं नाही. पण याचा अर्थ तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी त्वचेचा डॉक्टर बसला पाहिजे, असा होतो. डॉक्टर नाही म्हणून विष चालेल, असा होत नाही.

दुसरं, "तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात आहात." कायदा पॅथी बघून लागू होत नाही, दावा बघून होतो. आणि 'आयुर्वेदिक', 'हर्बल' लिहिलेल्या डबीत काय आहे हे डबीवरून कळतही नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्यामुळं मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण सापडले. आपल्या अकोल्यातलंही तसलंच प्रकरण पेपरात आलं होतं. क्रीम तोंडाला आणि दणका मूत्रपिंडाला.

तिसरं, "लोकांना गोरं व्हायचंय, त्याला कोण काय करणार?" इथं मात्र आपण सगळे आरोपी. पत्रिकेत अजून 'गोरी, सुस्वरूप' लिहितोय आपण. एका मोठ्या कंपनीनं २०२० साली आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. नाव बदललं, आपली नजर तीच.

रंगाचं शास्त्रही ऐका. काळ्या आणि गोऱ्या माणसाच्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक त्या किती आणि कसला रंग बनवतात यात. तो अनेक जनुकांवर ठरतो. एसएलसी२४ए५ नावाच्या जनुकात एका अक्षराचा फरक, आणि रंग बराच उजळतो. आपल्याच देशात, कधी एकाच घरात, दोन्ही प्रकार सापडतात. एका अक्षरावरून आपण पोरीची किंमत ठरवतोय. आणि तो सावळा रंग म्हणजे उन्हापासून पेशींचं रक्षण करणारी छत्री आहे. शेतात दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला निसर्गानं दिलेली छत्री आपण पैसे देऊन फाडतोय.

कोडाचंही सांगतो. कोड म्हणजे कुष्ठरोग नाही. शिवून, जेवून, अंथरुणात झोपून पसरत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच रंगाच्या पेशींना शत्रू समजून मारते. जनुकांचा कल असतो, पण कोड असलेल्यांच्या बहुतेक मुलांना कोड होत नाही. त्यावर इलाज आहेत, अनेकांना फरक पडतो, पण हमखास समूळ बरा करतो म्हणणारा खोटं बोलतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' येऊन किती वर्षं झाली. त्यातली कोड असलेली डॉक्टर मुलगी आपल्याला पडद्यावर आवडते, सून म्हणून नको असते.

आणि शेवटची, सगळ्यात कडू गोष्ट. ते फोड येणारं बाळ फक्त जर्मनीत नसतं. आपल्या तालुक्यातल्या एका वस्तीवर मी असं लेकरू पाहिलंय. घरातली माणसं त्याच्या आईला म्हणत होती, ग्रहण पाळलं नाहीस, म्हणून झालं. ती गरोदरपणात भाजी चिरत होती म्हणे. तिला देवरुषाकडं नेलं, अंगारा लावला, उघड्या जखमांवर. ती आई हळू आवाजात मला म्हणाली, "दादा, मी खरंच त्या दिवशी विळी धरली नव्हती." म्हणजे तिलाही वाटत होतं, आपल्याला निर्दोष सिद्ध व्हायचंय.

या रोगाच्या बऱ्याच प्रकारांत बिघडलेलं जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक असं दोन्हीकडून यावं लागतं. दोघंही ठणठणीत असतात, त्यांना पत्ताही नसतो. अशा जोडप्याला प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. आत्या-मामाच्या मुलामुलींत लग्न झालं की एकच बिघाड दोन्हीकडं असण्याचा संभव वाढतो, कारण आजा-आजी एकच. ग्रहणाचा यात काही संबंध नाही, विळीचा नाही, आणि एकट्या आईचा तर मुळीच नाही. निम्मा वाटा बापाचा असतो. हे वाक्य प्रत्येक सासूला आणि प्रत्येक नवऱ्याला ऐकवा.

आता काय करायचं?

एक, ट्यूबवर 'आरएक्स' असं चिन्ह आणि लाल रंगातली सूचना दिसली, किंवा वर सांगितलेल्या नावांपैकी नाव दिसलं, तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. बरेच महिने लावत असाल तर एकदम मनानं बंदही करू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून बंद करा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचा विभाग असतो.

दोन, असं शिबिर लागलं की पत्रक जपून ठेवा, भाषणाचा व्हिडिओ काढा, बिल मागा. अन्न व औषध प्रशासनाकडं लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. एकट्याची तक्रार फायलीत झोपते. पन्नास जणांची झोपत नाही. जनुकं नाही जागी झाली तरी कार्यालयं जागी करता येतात.

तीन, मेडिकल दुकानदार मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण चांगले आहेत हे मला माहीत आहे. तुमच्या तालुका संघटनेनं स्वतःहून फलक लावावा, 'स्टिरॉइड मलम चिठ्ठीशिवाय मिळणार नाही'. पहिला फलक लागेल त्या दुकानाचा फोटो मी इथं टाकेन.

चार, मंगल कार्यालयाच्या मालकांनो, हॉल भाड्यानं देताना आत काय विकलं जाणार हे विचारा.

आणि आमदार, जिल्हा परिषद सदस्य, जे कोणी ही पोस्ट वाचत असतील त्यांना एकच मागणी. ग्रामीण रुग्णालयात आठवड्याला एक दिवस त्वचेचा डॉक्टर द्या. कमानी आणि हायमास्ट दिवे खूप झाले.

ज्यांना राग आला असेल त्यांनी कमेंटमध्ये शिव्या न देता पुरावा द्यावा. कोणतं जनुक, कोणतं क्रीम, कुठं सिद्ध झालं, एवढंच सांगा. बाकीच्यांनी पोस्ट पुढं पाठवा. माझं नाव काढून पाठवलीत तरी हरकत नाही, पण आपल्या घरातल्या बायकांच्या ग्रुपवर नक्की टाका.